माझ्या काचांमागची धामण

मित्रांनो, आजारी कुत्र्याला किंवा मांजराला घेऊन तुम्ही कधी दवाखान्यात गेला असाल, तर तिथल्या बाकावर बसून कंटाळलाही असाल. तो कंटाळा घालवण्यासाठीच माझा जन्म झाला. मी एक जुनी काचेची टाकी आहे. माझ्या तळाच्या काचेला तडा गेला आहे, कडा जोडणारा डिंक काळा पडला आहे, आणि झाकण तर माझं स्वतःचं नाहीच. मोडक्या कपाटाचं जाळीचं दार कापून ते माझ्यावर बसवलं आहे. मला बघून आज कुणी "वा!" म्हणत नाही. पण एकेकाळी म्हणायचे.

मला एका काचवाल्यानं घडवलं. तो बोलायचा कमी आणि शिट्टी जास्त वाजवायचा. माझ्या काचांच्या कडा त्यानं दगडावर घासून घासून बोथट केल्या. "पोरं हात घालणारच," असं तो स्वतःशीच म्हणाला. काचा चिकटवून झाल्यावर त्यानं मला काठोकाठ पाण्यानं भरलं आणि माझ्याखाली कोरडा कागद सारला. दुसऱ्या दिवशी कागद कोरडाच निघाला, तेव्हा त्यानं माझ्या अंगावर हलकी थाप मारली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी जनावरांच्या दवाखान्यात आले. डॉक्टरबाईंनी मला बाहेरच्या खोलीत, बाकासमोर ठेवलं. माझ्यात वाळू, पाणवनस्पती आणि सोनेरी मासे होते. घाबरलेले मालक माझ्याकडे बघत बसायचे. मुलं काचेला नाक लावायची आणि नाकाचे ठसे ठेवून जायची. ते पुसताना दवाखान्यातले कंपाउंडरकाका कुरकुरायचे, "मासे बघायला येतात की काच चाटायला?" पण माशांना खायला घालायची वेळ झाली, की दुसऱ्या कुणाला ते डबीला हात लावू देत नसत.

एकदा फरशी धुताना लोखंडी बादली माझ्या तळाशी आदळली. चर्र झालं आणि पाणी झिरपू लागलं. मासे कुणाला तरी देऊन टाकले. गळक्या टाकीचं काय करणार? गरज सरो, वैद्य मरो. मला मागच्या अडगळीच्या खोलीत नेलं. माझ्यात जुनी वर्तमानपत्रं, पातं तुटलेला पंखा आणि औषधांची रिकामी खोकी भरली गेली. धूळ साचत गेली. बाहेरच्या बाकावर लोकांचं बोलणं, कुत्र्यांचं भुंकणं मला ऐकू यायचं, पण माझ्याकडे कुणी फिरकत नसे. मित्रांनो, फुटून जाण्यापेक्षा विसरलं जाणं फार जड असतं.

मग एका सकाळी दवाखान्यात गोंधळ उडाला. अडगळीच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

पावाची गाडी चालवणारे एक गृहस्थ आले होते. सगळे त्यांना पाववाले म्हणत. भट्टीवरून गरम पाव उचलायचे आणि गावाबाहेरच्या रस्त्यानं दुकानादुकानांत पोचवायचे, हे काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केलं होतं. त्या दिवशी त्यांच्या हातात पावाचा क्रेट होता आणि क्रेटवर त्यांचा स्वतःचा स्वेटर घातलेला होता.

"बाई, जरा बघता का? मेली की आहे, तेच कळेना."

डॉक्टरबाईंनी स्वेटर उचलला. आत एक लांब, पिवळसर तपकिरी धामण वेटोळं मोडून पडली होती. कंपाउंडरकाका त्या वयातही टुणकन स्टुलावर चढले.

"काका, उतरा. धामण आहे. विष नसतं तिला."

"तिला ठाऊक आहे का ते?" काका वरूनच म्हणाले.

डॉक्टरबाई पाववाल्यांना मात्र रागावल्या. "हातानं उचललीत? विषारी असती तर आज तुम्हालाच टेबलावर घ्यावं लागलं असतं. पुन्हा असं करू नका. जाणकार माणसाला बोलवायचं, आणि तो येईपर्यंत लांब उभं राहायचं."

पाववाले मान खाली घालून म्हणाले, "चाक माझंच गेलं हो तिच्यावरून. कडेनं कधी आली, दिसलीच नाही. आरशात बघितलं तर मागं दोरी पडलेली. म्हटलं, गाडीतली सुटली वाटतं. मग ती दोरी हलली." "लोक दोरीला साप समजून भितात. मी सापाला दोरी समजलो."



धामणीचा खालचा जबडा एका बाजूनं मोडला होता. मधल्या भागातल्या बरगड्या गेल्या होत्या आणि कातडी फाटली होती. डॉक्टरबाईंनी क्ष-किरण फोटो उजेडासमोर धरून पाहिला. पाठीचा कणा शाबूत होता, म्हणून आशा होती. पण पोटात अंडी होती.

तिला ठेवायचं कुठं? पिंजऱ्याच्या गजांतून ती निसटली असती. तेव्हा काकांना माझी आठवण झाली. त्यांनी मला अडगळीतून ओढून काढलं, पंखा आणि खोकी बाहेर फेकली, मला घासूनपुसून उन्हात वाळवलं. पाणी धरू न शकणारी टाकी सापाला चालणार होती. माझ्या तळाशी वर्तमानपत्रं अंथरली, एका बाजूला खालून ऊब देणारी गादी लावली, आणि कोपऱ्यात फुटकी कुंडी उपडी ठेवली. घाबरलेल्या सापाला लपायला अंधार लागतो. तो नसेल तर औषधही लागू पडत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मासे माझ्यात कसे सळसळायचे! ही मात्र जशी ठेवली तशीच पडून राहिली. तिचं वजन माझ्या तड्यावर आलं. मी जीव मुठीत धरून तिला तोललं.

त्यानंतरचे दिवस अवघड होते. तिला दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन द्यायचे. जखम धुवायचे. तिला खाता येत नव्हतं, म्हणून बारीक नळीनं घशाखाली पातळ खाद्य सोडायचे. एकानं धड सरळ धरायचं, दुसऱ्यानं नळी घालायची. पहिल्या दिवशी काकांनी डोळे मिटून शेपटीकडची बाजू धरली. नंतर नंतर तेच "हं, ये बाई, कर तोंड वर" म्हणत डोक्याकडची बाजू धरू लागले.

पाववाले रोज यायचे. पाव पोचवून झाले की गाडी बाहेर लावायची, टोपी गुडघ्यावर ठेवायची आणि माझ्यासमोर स्टुलावर बसायचं. ते तिच्याशी बोलायचे. "आज बरं वाटतंय का? मी आज अगदी हळू चालवली बघ." पण मला एक विचित्र गोष्ट दिसायची. धामण माझ्या डाव्या कोपऱ्यात असली, तरी ते समोरच्या कुंडीकडे बघूनच बोलत राहायचे. मी फक्त काच. मला दिसत होतं, सांगता येत नव्हतं.

एके दिवशी तिनं अंडी घातली.

धामणीची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी टणक नसतात. ओल्या चामड्यासारखी मऊ असतात. त्यातली बहुतेक चाकाच्या दाबानं आतल्या आत चेपली होती. चपटी, पिवळी, सुरकुतलेली. दोन मात्र पांढरी आणि गुबगुबीत होती. धामणीला यातलं काय कळत होतं, कोण जाणे. तिनं मोडक्या बरगड्यांचं ते अंग हळूहळू ओढत सगळ्या अंड्यांभोवती वेढा घातला. चांगल्याभोवतीही आणि चेपलेल्यांभोवतीही.

डॉक्टरबाईंनी दोन चांगली अंडी काढून ओलसर वाळूच्या डब्यात ठेवली. बाकीची काढायला हात घातला आणि तसाच मागे घेतला.

"राहू देत," त्या काकांना म्हणाल्या. "वास यायला लागला की काढू."

पाववाले तेव्हा तिथंच होते. ते उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले. "बाई, मी एकीलाच चिरडलं असं समजत होतो," ते म्हणाले.

वाळूतल्या अंड्यांवर बॅटरी धरून डॉक्टरबाई रोज पाहायच्या. आत जीव असेल तर प्रकाशात लाल शिरांचं जाळं दिसतं. जाळं दिसलं नाही. मग एके दिवशी त्यांनी बॅटरी धरलीच नाही. डबा रिकामा करून धुऊन ठेवला. माझ्यातली अंडी काकांनी उचलली. त्यानंतरही धामण त्याच जागी, तसाच गोल वेढा घालून पडून राहिली. वेढ्याच्या मधे नुसतं वर्तमानपत्र होतं.

त्याच आठवड्यात पाववाल्यांची बायको दवाखान्यात आली. ठेंगणी, धडधाकट बाई. नवरा नसताना मुद्दाम आली होती.

"ती धामण बघायची होती," ती म्हणाली. माझ्यासमोर उभं राहून तिनं बराच वेळ आत पाहिलं. मग हळूच विचारलं, "डॉक्टरबाई, एवढी मोठी लांबलचक धामण, भर उजेडात, दिसत नाही का हो माणसाला?"

डॉक्टरबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

"घरात समोरचा कप दिसतो त्यांना. पण बाजूला ठेवलेल्या तांब्याला धडकतात. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात. मी म्हटलं डोळे दाखवा, तर म्हणतात, तुला काय कळतं गाडीतलं. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी पाववाले आले, तेव्हा धामणीच्या डोळ्यांवर निळसर दुधी पडदा आला होता. ते वाकून म्हणाले, "हिच्या डोळ्यांना काय झालं?"

"कात टाकायची वेळ झाली. पडदा कातीबरोबर जाईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांच्या शेजारी जाऊन त्यांनी हात बाजूला उभा धरला. "माझी किती बोटं आहेत?"

"कुठं आहेत बोटं?"

"मान वळवू नका. समोर बघून सांगा."

पाववाल्यांनी डोळे ताणून समोर पाहिलं. त्यांना हातच दिसत नव्हता. डॉक्टरबाईंनी हात पुढे पुढे आणला. पार नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "तीन."

"मी जनावरांची डॉक्टर आहे. पण एवढं मलाही कळतं. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि जाताना गाडी चालवत जाऊ नका."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, तर तो काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. औषधानं उरलेली थोडीफार टिकते. नळीतून बघावं तसं त्यांना जग दिसत होतं, समोरचं तेवढं आणि कडेचं काहीच नाही. माझ्या नावाचा शब्द एका दुखण्याच्या नावात आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

पाववाल्यांनी गाडीची किल्ली भट्टीच्या मालकाला परत दिली. हे सांगायला ते पायी आले होते. "मालक म्हणाला, थोडे दिवस चालवा, दुसरा माणूस मिळेपर्यंत. मी म्हटलं, नको. आज धामण होती. उद्या शाळेतून येणारं एखादं पोर असलं तर?" मग ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आता भट्टीसमोर बसून पाव भाजायचे. पाव काही कडेनं पळत येत नाहीत."

बायको त्यांच्याशेजारी बसली होती. तिनं त्यांच्या गुडघ्यावरची टोपी उचलून झटकली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

धामण बरी होत गेली. कात निघाली तेव्हा जखमेजवळ ती अडकली. डॉक्टरबाईंनी ओल्या कापडानं जपून सोडवली. खालून नवं, चकचकीत अंग दिसलं. डोळे स्वच्छ झाले. जबडा जुळला, पण वाकडा. एका बाजूनं ती कायम कुत्सित हसल्यासारखी दिसायची. काका म्हणायचे, "माझ्या थोरल्या मेहुणीसारखी दिसते." ज्या दिवशी तिनं स्वतःहून उंदीर गिळला, त्या दिवशी त्याच काकांनी बाकावरच्या साऱ्या लोकांना ही बातमी सांगितली, आणि दोन मांजरवाले चक्क उठून दुसरीकडे बसले.

मग प्रश्न आला, तिला सोडायचं कुठं?

"लांब सोडा," पाववाले म्हणाले. "जिथं गाड्याच नाहीत अशा रानात."

"तिथं तिला पाणी कुठं, बिळं कुठं, काहीच ठाऊक नसेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साप आपल्या वाटा पाठ करून जगतो. परक्या जागी सोडला, तर घर शोधत वणवण फिरतो आणि त्यातच मरतो. जिथं सापडली, तिथंच जवळपास सोडायला हवी."

"म्हणजे आगीतून काढून पुन्हा फुफाट्यात?" काका म्हणाले.

"पण तिथं रस्ता आहे हो बाई! ती परत रस्त्यावर येणार," पाववाले म्हणाले.

"ती रस्त्यावर आली नव्हती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रस्ता तिच्या वाटेवर आला."

शेवटी रस्त्यापासून जरा आत, दगडी बांधाजवळ सोडायचं ठरलं. त्यांनी तिला कापडी पिशवीत घातलं आणि नेलं. मी मागेच राहिले. परतल्यावर काकांनी मला पुसता पुसता सांगितलं, की पिशवीचं तोंड उघडल्यावर ती क्षणभर थांबली, जीभ लवलवली, आणि एका दमात बांधाच्या फटीत शिरली. मागे वळून पाहिलं नाही. "साप कशाला वळून बघतील?" काका म्हणाले, आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागले.

पाववाल्यांचं येणं कमी झालं. भट्टीचं काम संपलं की ते बायकोबरोबर त्या रस्त्यानं चालत घरी जायचे. पूर्वी जो रस्ता काचेतून झर्रकन मागे पडायचा, तो आता पायांखालून सावकाश जात होता.

अशाच एका सकाळी दोघं दवाखान्यात आली. बायकोच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं ती टेबलावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"ही बोलली, रस्त्यावर धामण मेलीय," पाववाले म्हणाले. "म्हटलं, धामणी काय, कितीतरी असतात. खाली बसलो. हनुवटीवरून बोट फिरवलं." त्यांनी बोट हवेत तसंच वाकडं फिरवून दाखवलं. "तीच आहे, बाई."

डॉक्टरबाईंनी पिशवी उघडली. त्यांनी पाहिलं, तपासलं. जिवंत जनावर तपासावं तसं सगळं नीट तपासलं. बाहेर एक कुत्र्याचं पिल्लू केकाटत होतं, त्याला काकांनी "थांब रे जरा" म्हटलं.

"पोटात ताजा उंदीर आहे," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "अंगावर चांगली चरबी धरली होती. जबडा काम करत होता तिचा. धट्टीकट्टी झाली होती हो." आणि त्यांना रडू आलं. मी त्यांना कितीतरी जनावरांच्या मालकांची समजूत घालताना पाहिलं होतं. त्यांची समजूत घालताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"कुणाची गाडी होती, कळलं का?" काकांनी विचारलं.

"ज्याची होती त्याला तरी कुठं कळलं असेल?" पाववाले म्हणाले.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी स्वतः मला धुतलं, उपडं घातलं आणि म्हणाल्या, "काका, हिला आत ठेवून द्या. माझ्यानं हे पुन्हा व्हायचं नाही." मी पुन्हा अडगळीत गेले. या वेळी माझ्यात कुणी काही भरलं नाही. धूळही मला नकोशी झाली नाही. तिच्या वेढ्याची रिकामी जागा आपल्यात आहे असं मला सारखं वाटायचं, आणि तिथं दुसरं काही येऊ नये असंही.

पण रस्ता काही थांबला नव्हता. ऋतू फिरला, साप पाण्याच्या बाजूला उतरायला लागले, आणि एक ट्रकवाला मागचं अंग चिरडलेला साप घेऊन दाराशी आला. डॉक्टरबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग अडगळीच्या खोलीत आल्या आणि त्यांनीच मला उचललं. तो साप वाचला नाही. कणा मोडला होता. त्याला इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं निजवावं लागलं. त्यानंतर आलेला वाचला. मग दोन गेले. मग एक कासव आलं. असं चालूच राहिलं. खोटं कशाला सांगू, मित्रांनो? गेलेले जास्त आहेत.

काका सांगतात, पाववाले नवरा-बायको त्या दिवसांत सकाळी रस्त्याच्या वळणावर उभी राहू लागली. बायको नजर ठेवते. साप किंवा बेडूक कडेला दिसला की नवऱ्याचा हात दाबते. तो लाल फडकं वर धरून उभा राहतो. सापाला दोघंही हात लावत नाहीत. तो आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या पोटानं, पलीकडे जाईपर्यंत नुसती थांबतात. काही गाड्या थांबतात. काही जण पूर्वीचे ओळखीचे म्हणून हात करतात. काही शिव्या घालून बाजूनं निघून जातात. परवा एकानं ओरडून विचारलं, "आंधळे आहात का?" पाववाले म्हणाले, "थोडा आहे. म्हणून तर उभा आहे."

आता त्यांची नजर आणखी आत ओढली गेली आहे. माझाही तडा वाढत चालला आहे. पुढच्या ऋतूपर्यंत आम्हा दोघांतलं कोण किती टिकेल, सांगता येत नाही.

आत्ता माझ्यात एक लहानसा साप आहे. काल दुपारी आला. साप थंड असतात, त्यांच्या श्वासानं माझी काच धूसर होत नाही. त्यामुळे तो आहे की गेला, हे मलाही कळत नाही. डॉक्टरबाई येतील, झाकण काढतील, तेव्हाच समजेल.

मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता तेव्हा खिडकीतून बाहेर बघताच. तेवढं जरा रस्त्याच्या कडेलाही बघा. गाडी चालवणाऱ्याला नुसतं "हळू" म्हणा. मुलांचं सांगणं मोठी माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. जखमी साप दिसला तर हात लावू नका, पण पुढेही निघून जाऊ नका. थांबा आणि जाणकाराला बोलवा. मी इथं झाकण उघडं ठेवून वाट पाहीन. पण मनापासून सांगते, मी रिकामी राहिले तर मला अजिबात वाईट वाटणार नाही.